भिंतीवरचा निवृत्ती

॥ श्री ॥

मोताळा,
ता. २० नोव्हेंबर १९६४

ती. भगवानमामा यांच्या चरणी भाचा तुळशीरामचे सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. आईचं तुम्हाला ठाऊकच आहे. निवृत्तीदादा जाऊन वर्ष होत आलं, तरी ती दिवेलागणीला घराच्या धाब्यावर चढते आणि नाल्यापलीकडच्या मचाणाकडे पाहत बसते. हाक मारली तर ओ देते, पण मान वळवत नाही.

यंदा ज्वारीच्या जागलीला, रात्रीच्या राखणीला, बाबा जातात. दुसऱ्या लेकाला त्या वावरात पाऊल ठेवू देणार नाही, असं आईने देवापुढे सांगितलंय. तिथे माझं काय चालणार? आमच्या घरचा नेम तुम्ही जाणता. अंधार पडताना घरून दिवा दाखवायचा आणि मचाणावरून कंदील हलवून उत्तर यायचं. घरचा दिवा दिसला नाही, तर काही बरंवाईट झालं समजून जागल्याने उतरून घरी यायचं. आणि कणसात आलेली ज्वारी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात वहाणा घालून शिरायचं नाही. दादा त्या संध्याकाळी डुकरं हाकायला असाच अनवाणी उतरला आणि साप पायाखाली आला.

बाबांच्या नजरेला आता आपला कंदील दिसत नाही. म्हणून तुमच्या चष्म्याच्या दुकानातून आणलेलं ते जाड भिंग लावून मी हातबॅटरी केली आहे. पत्र्याच्या नळीत सेल, पुढे बल्ब आणि तोंडाशी मागेपुढे सरकणारी दुसरी नळी, तिच्यात भिंग. उजेड सरळ मचाणापर्यंत जावा एवढीच अपेक्षा, पण तो नाल्याच्या काठावरच फिसकटतो. चूक शोधावी म्हणून परवा गुरांच्या कोठ्याच्या चुना लावलेल्या भिंतीवर पाडून पाहिला. भिंग सरकवता सरकवता एका जागी भिंतीवर उजेडाचा माणूस उभा राहिला. बारीक, खांद्यात वाकलेला. मामा, खोटं नाही सांगत, दादा विहिरीवर मोट धरून उभा राहायचा तसा.

मी घाबरून भिंग हलवलं, पण आई मागेच उभी होती. ती म्हणाली, काऊन पुसतं त्याले? राहू दे नं. तेव्हापासून बॅटरी दुरुस्त करू देत नाही. काय करावं ते लवकर कळवा. मामींना नमस्कार. आमच्यावर माया आहेच, ती या दिवसांत जरा जास्त असू द्यावी.

आपला भाचा,
तुळशीराम


॥ श्री ॥

खामगाव,
ता. २४ नोव्हेंबर १९६४

चि. तुळशीराम यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. भूत पाहायला एवढे सेल कशाला जाळलेस? आमच्या गल्लीत संध्याकाळी उधारीवाले निघतात, त्यांचीच तोंडं पाहायला ये. तुझी मामी मात्र पत्र ऐकून लिंबू-मिरची शोधायला उठली होती. तिला बसवलं आणि मग लिहायला घेतलं.

तुझ्या बल्बात बारीक, वाकडी तार असते. ती तापून उजेड देते. भिंग तारेपासून थोडं जास्त लांब राहिलं की भिंतीवर त्या तारेचंच मोठं चित्र उमटतं. तोच तुझा माणूस. भिंग नखभर आत सरकव. चित्र विरघळेल आणि उजेड लांब पळेल. विश्वास बसत नसेल तर बल्ब आहे तिथेच थोडा पिळून पाहा. माणूस फिरला तर ती तार, दुसरं काही नाही. तुझ्या आईला, मनकर्णेलाही हे करून दाखव. लहानपणापासून ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही, माझा जन्म तिला पटवण्यात गेला.

दुसरी गोष्ट. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध येईल. निवृत्तीची आकृती उठवलेला चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पितरांशेजारी बसवायला हवा. इथल्या सोनाराशी बोलून ठेवलं आहे. पण मागे विषय काढला तर मनकर्णा उठून चुलीशी गेली. टाक बसला की माणूस गेला, हे तिला कबूल करावं लागतं, म्हणून टाळते. मलाही तो पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही रे. दुकानात आला की सगळे चष्मे एकावर एक चढवून पाहायचा.

तुझ्या वडिलांना, उकंडरावांना नमस्कार. खुशाली कळवत जा, मामाला विसरू नये.

तुझा मामा,
भगवानराव


॥ श्री ॥

मोताळा,
ता. २ डिसेंबर १९६४

ती. मामांच्या चरणी सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं आणि करून बसलो. आईला समोर बसवलं, भिंतीवर माणूस उभा केला आणि बल्ब पिळला. माणूस फिरला, तुमचं खरं ठरलं. पण फिरून तो आडवा झाला, मामा. दादाला अंगणात आणून ठेवलं होतं तसा लांबच्या लांब. आई ओरडली की माह्या लेकराले पुन्हा निजवलं रे तू. मी घाईने बल्ब परत फिरवला.

तेव्हापासून बॅटरी तिच्याच हातात. दिवेलागणीला कोठ्यात बसायची, तो माणूस उभा करायची आणि त्याला घरची हकीकत सांगायची. गाय व्याली, कालवड झाली, तुळश्या धड जेवत नाही, सगळं. मी दारात उभा राहून ऐकायचो. खरं सांगू? एकदोनदा मलाही आत जाऊन काही सांगावंसं वाटलं. मग कंदील घेऊन नाल्याच्या काठापर्यंत पळायचो, म्हणजे बाबांना निदान तेवढा तरी दिसावा.

काल वाऱ्याने कंदील विझला. काडी ओढता ओढता पेटीच संपली. मी घराकडे पळालो आणि आईपाशी बॅटरी मागितली. ती म्हणाली, थांब जरासा, बोलून राह्यली मी. तिच्या हातातून ओढून घ्यायचं धैर्य मला झालं नाही. तेवढ्यात कोणीतरी कोठ्यात शिरून उजेडाच्या आड आलं. भिंतीवरचा माणूस गेला आणि तिथे मोठी काळी सावली पडली. बाबा होते. घरचा दिवा दिसेना म्हणून उतरून, अख्खी ज्वारी तुडवत आले होते. वहाणा काखेत, पाय उघडे. धापा टाकत त्यांनी एवढंच विचारलं की घरात कोण गेलं.

आई बॅटरी घेऊन खाली बसली आणि त्यांचे पाय पाहू लागली. टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या. काटे होते, चावा नव्हता. तरी ती पुन्हा पहिल्यापासून पाहत होती. शेवटी बाबांनी तिचा हात धरून उठवलं.

मग तिने मला विचारलं की मामाने भिंग कुठे सरकवायले सांगितलं. मी दाखवू लागलो, तर मला बाजूला केलं. भिंतीसमोर उभी राहिली, माणूस पुन्हा उभा केला आणि स्वतःच्या हाताने नळी आत ढकलली. तो आधी पसरट झाला, मग नुसता उजेड राहिला. आई धाब्यावर चढली. उजेड नाल्यापलीकडे रिकाम्या मचाणावर जाऊन पडला, खांब न् खांब दिसला. ती बराच वेळ तो तसाच धरून उभी होती.

तिला तुम्हाला काही कळवायचं आहे. सोबतचा कागद तिने सांगितला तसाच लिहिला आहे, माझी भाषा त्यात घातली नाही. कृपा आहेच, ती आटू देऊ नये.

आपला,
तुळशीराम


भगवानभाऊले मनकर्णाचा नमस्कार.

भाऊ, तुहा कागद पोराने वाचून दाखवला. ते तार आहे हे मलेही समजत होतं. मी येडी नाही झाली. पण लेकरू उभं दिसत होतं, तर पाहू नये काय? एका मेलेल्याशी बोलण्यात जित्त्याले गमावत होती मी. आता रोज मीच बॅटरी दाखवतो. हे पागोटं हलवतात, ते पांढरं दिसलं का मी जेवाले बसतो.

यायले, तुळश्याच्या बापाले, आता वहाणा घालूनच वावरात धाडतो. लक्ष्मी रागावली तर माह्यावर रागावन. मी तिले सांगितलं, का तुह्या मानापायी एक पोरगा देला, आता बस्स.

टाक करजो. श्राद्धाच्या आधी घेऊन येजो. पण सोनाराले नीट सांगजो, माह्या निवृत्तीले उभा काढजो म्हणा, वाकवजो नको. अन् पायात वहाणा काढजो. तो म्हणन का देव्हाऱ्यातल्या टाकावर वहाणा नसतात. त्याले सांगजो, माय म्हणते, याच्या पायात पाह्यजेत.