बर्फाखालची शिट्टी

काउन्सिल, आयडाहो
१९ फेब्रुवारी

प्रिय ऑरिन,

कसा आहेस? इकडे कुंपणाच्या खालच्या तारेपर्यंत बर्फ आहे. तुझी म्हातारी घोडी अजून नीट खाते, चावतेही.

"आधी ऐक, मग नेम धर." बाबांचं हे वाक्य सध्या सारखं आठवतं. आपल्याकडे बिळात राहणाऱ्या, मारायला मुभा असलेल्या मोठ्या भुईखारींनाही शिट्टीडुकरं म्हणायचं आणि कायद्याने राखलेल्या त्या चिमुकल्यांनाही. नाव एकच, म्हणून बाबा आवाजावरून ओळखायला शिकवायचे. मोठीची शिट्टी जाड, लहानीची बारीक, काचेवर नख ओढल्यासारखी. तुला लगेच जमलं. "लोर्नाबाई कान घरी विसरून आल्यात," म्हणून मला चिडवायचास.

परवा दुपारी वरच्या कुरणात चारा टाकत होते. बर्फाखालून ती बारीक शिट्टी आली. एप्रिलपर्यंत त्या गाढ झोपलेल्या असतात, हे मला कळतं. तरी आली, बरोबर माझ्या पायाखालून. काल पुन्हा. आज स्वयंपाकघराच्या फळ्यांखालून.

खारींची मोजणी करणारी रूथ आली होती. गुडघे टेकून तिने बराच वेळ ऐकलं. "काही नाही गं. आणि त्या कुरणात आता शिट्टी वाजवायला उरलंय कोण? तुझ्या भावाने काही शिल्लक ठेवलंय का?"

मी तिला कॉफी दिली. आणखी साखर हवी का, विचारलं.

ऑरिन, त्या मी मारल्या.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. घोडीचा पाय बिळात अडकून मुरगळला होता. रागाच्या भरात तबेल्यातली तुझी बंदूक घेतली. मोठी शिट्टीडुकरंच तर आहेत, म्हटलं. अकरा मारल्या. बारावी बिळाच्या तोंडाशी ताठ उभी राहून ओरडली, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बारीक. ती आत गेली.

वन्यजीव खात्याच्या चौकशीवाल्याने रिकामी काडतुसं उचलून विचारलं, "ही भावाच्या बंदुकीची ना? तो होता इथे?" मी "हो" म्हणाले. तुझा शिकारीचा परवाना गेला, मुलांना नेमबाजी शिकवणं गेलं. मी नाही केलं, असं तू सांगत राहिलास. कुणी मानलं नाही. तरी माझं नाव घेतलं नाहीस.

सोमवारी खात्यात जाऊन खरं सांगणार आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही.

मागणं वेगळंच आहे. बर्फ वितळला की एका सकाळी ये. कुरणात माझ्याशेजारी बस, बोलू नकोस. ती बारावी खाली जिवंत आहे, की हे फक्त माझ्या आत वाजतंय, ते तुझेच कान सांगतील.

तू येणार नाहीस. तरी एप्रिलभर फाटकाला कुलूप घालणार नाही.

उशिरा ऐकायला शिकलेली,
लोर्ना