भरावावरचं तुझं नाव

प्रिय आत्या,

आज तुझ्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन झालं. घरी आले, सत्काराची शाल खुर्चीवर टाकली आणि तुलाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? ते सभागृह कुठे बांधलंय माहितेय? उरणच्या तुझ्या त्याच खाडीवर, भराव टाकून!

आजोबा तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायचे. साताऱ्याहून आलेल्या आपल्या घरात कुणाला पोहताही येत नव्हतं, आणि तू म्हणालीस, मला समुद्राचा अभ्यास करायचाय. आजोबा हबकलेच.

"आगं, त्या पाण्यात काय ठिवलंय?"

"तेच बघायला जायचंय, आबा."

संशोधनाच्या जहाजावर पहिल्यांदा गेलीस तेव्हा कप्तान म्हणाला, इथे बायकांची सोय नाही. "सोय राहू द्या, जागा द्या," म्हणालीस. तुझ्यामागून किती मुली त्या जहाजावर गेल्या! त्यांना जागा मागावी लागली नाही.

पण खोल समुद्र सोडून तू या खाडीच्या चिखलात का उतरलीस गं? गुडघाभर गाळात उभी राहून चाळणीत तो धुवायचीस आणि उरलेले वळवळते किडे मला दाखवायचीस. मी नाक मुरडायचे. "यांच्यावर मासे जगतात पोरी, आणि माशांवर सगळा मोरा गाव," म्हणायचीस.

भरावाच्या सुनावणीला तू हेच सांगितलंस. खाडी बुजवली तर पाणी जाणार कुठे? ते गावात शिरेल. साहेबांनी चहा मागवला. तुझं बोलणं संपायच्या आत पुढचा विषय आला. इतकी शांत कशी राहिलीस तू? एकदा तरी टेबलावर हात आपटायचा होतास!

शेवटी दवाखान्यात मी विचारलं होतं, "आत्या, एवढं करून उपयोग झाला का?"

"कळलं सगळ्यांना," म्हणालीस. "थांबलं काहीच नाही."

आज मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तुझेच शब्द बोलले, सुनावणीतले, जसेच्या तसे. वाटलं, कुणीतरी चिडेल, निदान माइक तरी बंद करतील. आत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या! "मॅडम फारच दूरदर्शी होत्या," म्हणत एकाने माझ्या हातात नारळ दिला.

दाराबाहेर मोऱ्याच्या पार्वतीकाकू उभ्या होत्या, तुला होडीतून खाडीत नेणाऱ्या. त्यांना आमंत्रण नव्हतं.

"टाल्या कसल्या गो वाजल्या?"

"आत्या जे सांगायची ना, पाणी गावात येईल, ते मी सांगितलं."

"आयलंच ना पानी. उधानाला चुलीपरत येतंय. जाल्यात मासली नाय." मग हळूच म्हणाल्या, "ती असती तं काय केलं असतं गो?"

काय केलं असतंस गं तू? आता सभागृहाच्या जागी किडे नाहीत, गाळही नाही. तुझं नाव आहे, पितळी अक्षरांत.

पाणी थांबवीन असं वचन देत नाही. तुला खोटं चालायचं नाही. पुढच्या उधाणाला मोऱ्याला जाईन. पार्वतीकाकूंची भांडीकुंडी, अंथरुणं माळ्यावर चढवायला हात लावीन. पाणी ओसरलं की घरातला गाळ काढू लागेन. त्याच्या पुढच्या उधाणालाही जाईन.

तुझी भाची,
मनू