मृत्युपत्राचा फायनल ड्राफ्ट

१२ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. मृत्युपत्र करायचं. प्रकृती ठणठणीत आहे, पण माणसाने सिस्टीमने जगावं आणि सिस्टीमनेच जावं. पंचवटीतलं दुमजली घर, दिंडोरी रोडचा प्लॉट, बँकेतल्या ठेवी. सगळं स्वकष्टाचं. ओझरच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअर्स सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. दोन मुलांत इस्टेट वाटणं म्हणजे किरकोळ काम.
पोरं भांडतील. मनाची तयारी आहे. बापाची किंमत तेव्हाच कळते.

१३ ऑक्टोबर
मंगलाला सांगितलं. चकलीची भाजणी भाजत होती. म्हणाली, बरं. बायकोला इस्टेटीतलं काही कळत नाही, हे एका अर्थी बरंच.

१५ ऑक्टोबर
फारुख वकिलांकडे. हुशार माणूस, पण नको ते विचारतो. पहिलाच प्रश्न: पत्नीच्या नावे काय? म्हटलं, तिला वेगळं कशाला? म्हणाले, तुमच्या पश्चात त्या कुठे राहणार? म्हटलं, ज्याला घर देईन तो बघेल. त्यांनी चष्मा काढून पुसला.
यादीत मंगलाच्या माहेरच्या पाटल्या होत्या. त्या म्हणे माझ्या नाहीत, तिच्या आहेत. मला देता येणार नाहीत. लग्नापासून माझ्या कपाटात आहेत! शेवटी खोडल्या. वकील बदलावा का? पण फी देऊन झाली आहे.

१७ ऑक्टोबर
मास्टरस्ट्रोक सुचला. घर कोणाला, ती जागा कोरी ठेवायची. जो जास्त विचारपूस करेल त्याचं नाव. महेशला ओझरला फोन करून सूचकपणे सांगितलं. म्हणाला, बाबा, शिफ्टला निघालोय. मग आरोहीला नांदगावला, सासरी. ती म्हणाली, आईला द्या. मायलेकी तासभर बोलत होत्या.
दोघंही बेफिकिरीचं नाटक करतायत. आतून हललीत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
मुलं आली. महेशची बायको, नात सृष्टी, सगळे. महेशने आईला गुडघ्याचा पट्टा आणला. आरोहीने आईला शाल. मला बिनसाखरेची बर्फी. काळजी की टोमणा? जागा अजून कोरीच.

२२ ऑक्टोबर, पाडवा
जाहीर वाचनाचा दिवस. मंगलाने ओवाळलं. दरवर्षी तबकात साडीचे पैसे टाकतो. यंदा मृत्युपत्राची झेरॉक्स टाकली. सरप्राइज. कोणी हसलं नाही. निरांजनाने एक कोपरा करपला.
मग मोठ्याने वाचून दाखवलं. कलम चार: पत्नी मंगलाबाई ही ज्याच्या वाट्याला घर येईल त्याच्याकडे राहील. माझ्या मते सगळ्यात जिव्हाळ्याचं कलम.
मंगलाने कागद मागून घेतला. चष्मा लावून तेवढंच कलम वाचलं. म्हणाली, पाण्याच्या मोटरचं काय लिहिलंय? म्हटलं, मोटर घराबरोबर जाणार, वेगळं काय लिहायचं? म्हणाली, म्हणजे माझ्यासारखीच.
तबक घेऊन आत गेली. जेवण वेळेवर मिळालं. त्या अर्थी राग नसावा.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
संध्याकाळी आरोही निघाली. मंगलाही बॅग घेऊन तिच्याबरोबर. थोडे दिवस जाऊन येते म्हणाली. पाटल्या हातात. प्रवासात सोनं घालू नये, हे बजावलं. ऐकलं नाही.

२९ ऑक्टोबर
मंगला नांदगावलाच. मी मजेत. स्वयंपाक ही काही फार मोठी गोष्ट नाही, उगाच बाऊ केला आहे. आज खिचडी केली. खालची खिचडी जळली, वरची कच्ची. मधली उत्तम होती.

२ नोव्हेंबर, रविवार
यश! महेश आईचे स्वेटर आणि औषधं न्यायला आला होता. बाहेरच्या ओट्यावर उभा राहून आरोहीशी फोनवर कडाडून भांडला. मी खिडकीमागे. मोठा मी आहे, माझा हक्क आधी, असं म्हणाला. एकटीनेच ठेवून घ्यायचं हा कुठला न्याय, असंही. शेवटी म्हणे, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे.
घर असं सहा-सहा महिने वाटतात का, गाढवा! पण भांडली एकदाची. छाती भरून आली. महेशला चहा करून पाजला. अर्धा ठेवून गेला.

९ नोव्हेंबर, रविवार
दोघांना बोलावून घेतलं. मंगला आली नाही. मी भाषण केलं. भांडू नका, बाप अजून बसलाय, घराचा निर्णय मी न्यायाने करीन, वगैरे.
दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग आरोही म्हणाली, बाबा, आम्ही घरावरून भांडतच नव्हतो. आई कोणाकडे राहणार यावरून भांडत होतो. महेशला ती ओझरला हवी आहे, सृष्टी रोज आजी कधी येणार विचारते. आरोही सोडायला तयार नाही. आता सहा-सहा महिने ठरलंय. आईला विचारून.
घर म्हणे कोणालाही द्या. दोघांनाही नको. लागलं तर लिहून देतील.
मी विचारलं, आणि मी कोणाकडे?
आरोही पदराशी चाळा करत बसली. महेश म्हणाला, तुम्हाला घर आहे ना, बाबा.

१६ नोव्हेंबर, रविवार
मंगलाला फोन. सरळ मुद्द्यावर आलो: घर तुझ्या नावावर करतो, परत ये. म्हणाली, त्या घराचं मी काय करू? जन्मभर झाडलंय. मग म्हणाली, इथे मला विचारून ठेवून घेतलंय हो.
आवाज मऊ वाटला. म्हणून तिला शांतपणे समजावलं. की कलम चारची भाषा माझी नाही, वकिलाची. की मोटरची तुलना तिने केली, मी नाही. की मी स्वतः न्यायला येईन, ती म्हणेल त्या दिवशी. बरंच बोललो. एवढं तर नवं लग्न झालं तेव्हाही तिच्याशी बोललो नसेन. ती मध्ये एकदाही बोलली नाही, म्हणून पटत असावं असं वाटलं.
फोन तिने केव्हाच ठेवला होता.