सहा जणांची यादी

३ मार्च

सुनेच्या कंपनीत कोठार बदलणार! कोठार म्हणजे ते डेटाबेस. कुणी पंप घेतला, कधी बिघडला, कुणी दुरुस्त केला, सगळं त्यात. चौदा वर्षं ही ते सांभाळते. आता नवीन येणार, म्हणून सहा जणांना शिकायला बसवणार. यादी लागली. हिचं नाव नाही.

आणि बाई खुशीत! "साहेब म्हणाले, जुनं बंद होईपर्यंत तुमच्याशिवाय कोण बघणार?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "आणि बंद झाल्यावर तुला कोण बघणार?"

ताट आपटून गेली. आपटलं ते बरं. ऐकू आलं म्हणजे.

४ मार्च

अबोला.

६ मार्च

आज बोलली. सहा महिने जुनं-नवं दोन्ही चालणार. ते सहा जण नव्यात शिकणार, अडलं की हिला विचारणार. सगळं पलीकडे गेलं की जुनं बंद. मग हिचं काय, ते कुणी बोलत नाही.

कपड्यांच्या कारखान्यात काज पाडायचं जुनं मशीन होतं. माझ्याखेरीज कुणाच्या हाताला यायचं नाही. काय मान होता मला! नवीन मशीनं आली, बाकीच्या बायका शिकायला बसल्या. मला म्हणाले, मावशी, तुम्ही जुनंच चालवा, माल अडायला नको. तीन महिन्यांनी जुनं भंगारवाल्याने नेलं. त्याच आठवड्यात मी घरी.

हे आज हिला सांगितलं. मुलालाही माहीत नाही. त्याला वाटतं, गुडघ्यांमुळे सोडलं.

म्हणाली, "आई, ते मशीन होतं."

"मग तुझं काय, राजवाडा आहे?"

९ मार्च

साहेबांना विचारलं तिने. "पुढच्या तुकडीत बघू." पुढची तुकडी कधी — ठरलेलं नाही. बेचाळीस वर्षांची बाई, एवढंसं तोंड करून बसली. मुलाचं दुकान आज आहे, उद्या नाही. घर चालतं ते हिच्यावर.

म्हटलं, "रजा किती शिल्लक?"

"भरपूर. घेते कुठे!"

"आठवडाभर टाक. फोन माझ्याकडे."

"अहो आई, तिथे सगळं अडेल!"

"अडू दे की. तुझ्याशिवाय दुसरं कुणी जुनं शिकल्याखेरीज तुला ते सोडतात कशाला?"

१२ मार्च

रजेचा पहिला दिवस. नऊ फोन. प्रत्येकाला मी सांगते, ताई झोपल्यात. ताई आंघोळीला गेल्यात. दुपारी साहेब स्वतः — "आजी, अजून आंघोळच?"

म्हटलं, "चौदा वर्षांचा मळ आहे. वेळ लागणार."

१३ मार्च

डबा नाही, घाई नाही, हिला काय करावं कळेना. कपाटं आवरली. माझंही आवरलं. सांगितलं होतं कुणी?

चार फोन. शेवटचा भिंगरीचा. त्या सहांतली सगळ्यात धाकटी. एकदा घरी आली होती, घटकाभर एका जागी बसली नाही, म्हणून मी ठेवलेलं नाव. "आजी, जुन्यातले आकडे नव्याशी जुळत नाहीत. पण मीच शोधते. ताईंना नका उठवू." मी थापा मारते हे तिला कळलं होतं. गुणी पोर.

१५ मार्च

कालपासून एकही फोन नाही. "वाजला का?" — सुनेचं सारखं चाललंय. मी चिडून फोन तिच्या मांडीत टाकला. बघत बस म्हटलं. खरं तर मलाही धडकी भरली. माझंच ऐकून घरी बसली ना ती!

१६ मार्च

साहेबांचा फोन! भिंगरीने जुन्यातलं सगळं शोधून काढलं, आकडे जुळवले. आता जुनं बघायला माणूस आहे. "ताई, सोमवारपासून तुम्ही शिकायला बसा."

सून मिठी मारायला आली. म्हटलं, हात ओले आहेत.

१७ मार्च

जागा सहाच. हिचं नाव घातलं ते भिंगरीचं काढून.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडली-बिडली नाही. साहेबांनी विश्वास टाकला म्हणून खूश! मग हळूच — "आजी, माझं काही चुकत तर नाही ना?"

रजा टाक, असं जिभेवर आलं होतं.

"ताईला देते," म्हटलं.