नववा आकडा

कुएंका, ६ मार्च

ती. एफ्रेनदादास,
सा. न. वि. वि.

सासूबाई अजून अंथरुणालाच खिळलेल्या आहेत, बाकी आम्ही बरे. काळजी बाबांची आहे. परवा दुकानात त्यांनी आमाब्ले शिंप्याची अर्धी दाढी केली आणि आत जाऊन झोपले. तो बिचारा साबण लावलेल्या तोंडाने बसून राहिला, शेवटी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. तो हसत होता, मला हसू आलं नाही. हातात वस्तरा असतो रे त्यांच्या. त्यांचं एकटं राहणं आता पुरे, तुझ्याकडे ने. माझ्या एका खोलीत सासूबाईच मावत नाहीत.

रागावू नकोस, पण चार ओळी लवकर लिही.
तुझी रोसाल्बा


ग्वायाकिल, १३ मार्च

चि. रोसाल्बास अ. उ. आ.

राईचा पर्वत करायची तुझी सवय जुनीच. म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागली, एवढंच. अगं, मार्च आला की अख्खी गल्ली त्यांच्या खुर्चीत बसून कराचं विवरणपत्र भरायची तारीख विचारते. तारीख ठरते ती ओळखपत्राच्या क्रमांकावरून, आणि प्रत्येकाचा क्रमांक त्यांना तोंडपाठ. रविवारी फोनवर माझीही तारीख सांगितली, अठ्ठावीस. असं डोकं मला असतं तर गोदामात खोकी उचलत बसलो नसतो. इथल्या उकाड्यात, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा जीव घुसमटेल. ज्या दिवशी त्यांची तारीख चुकेल, त्या दिवशी मिळेल त्या बसने येऊन त्यांना घेऊन जाईन. हा माझा शब्द.

सासूबाईंना जप, स्वतःलाही.
तुझा दादा


कुएंका, ३० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझा शब्द पाळायची वेळ आली. गाडीच्या कराला पाटीचा शेवटचा आकडा बघायचा आणि माणसाच्या कराला ओळखपत्राच्या दहा आकड्यांतला नववा, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं. यंदा त्यांनी गल्लीभर शेवटचा आकडा धरून तारखा सांगितल्या. शेजारच्या सोइलाबाईंची बारा होती, बाबांनी सव्वीस सांगितली. कितीतरी घरांना दंड बसला. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. सोइलाबाईंनी तर मला बजावलं की म्हाताऱ्याच्या कानावर घालू नकोस. पण गल्लीत काही लपतं का? त्यांना कळलं, आणि दुकान बंद झालं. तुझीही तारीख तपासून बघ.

जागा लहान आहे, वहिनी कुरकुरेल, सगळं ठाऊक आहे. तरी ये.
तुझी रोसाल्बा


कुएंका, १९ एप्रिल

चि. एफ्रेन यास अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही असं रोसाल्बा म्हणते. तिच्यावर चिडू नकोस, चूक माझी आहे.

लोक अजून येतात. कॉफी आणतात, मक्याच्या वाफवलेल्या हुमिता आणतात, हवापाण्याचं बोलतात. तारीख कोणी विचारत नाही. वस्तरे मी आमाब्लेला देऊन टाकले. तुझा क्रमांक रोज म्हणून बघतो, नवव्या आकड्याशी अडतो. काल तुझ्या आईला हाक मारून विचारलं. ती केव्हाच गेली, हे रोसाल्बाने सांगितलं. फार वाईट वाटलं रे, आजच गेल्यासारखं.

मी जागा फार अडवत नाही. न्यायचं असेल तर तुला ओळखतोय तोवर ने. मात्र कधी येतोस ते कळवू नकोस. तारीख कळवलीस तर ती माझ्याकडून हुकेल, मग मी रोज बसथांब्यावर जाऊन बसेन. नुसता ये.

पोरांना पापा.
तुझा बाबा