मला घरी कोणी आणायचं

मी, आमच्या गल्लीतला रंगारी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते भीतीमुळे. उद्या परदेशी कामावर निघायचं आहे.

उंचीची मला भीती नाही. इमारतीबाहेर टांगलेल्या रंगकामाच्या झुल्यात लोंबकळत डबा खाणारा माणूस मी. भीती आहे ती तिकडच्या शवागाराची. आमचा प्लंबर तिकडे वारला, तेव्हा ओळख पटवायला कोणी नव्हतं. तो महिनोन्महिने तिथेच पडून राहिला आणि घरी शेवटी नुसती बॅग आली. तेव्हापासून गल्लीच्या मंडळाचा नियम आहे: एजंटची चौकशी मंडळ करणार, जाणाऱ्यांनी जोडीनेच जायचं आणि एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याने त्याला घेऊन यायचं.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक बायकोला. थोरल्या दादाने त्यात नाक खुपसू नये.

२. ब्रश आणि शिडी मुलीला. हसू नका, तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो.

३. साडूभाऊला काहीही नाही. माझं ड्रिल मशीन नेऊन त्याने जाळलं, वर "जुनंच होतं" म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. दोघी बहिणी निरोप पोचवून थकल्या. तोही त्याच कामावर निघालाय, आणि मंडळाने नेमकी त्याच्याशीच माझी जोडी लावली. मी तडक अध्यक्षांकडे, म्हणजे शिंपीकाकांकडे गेलो.

"काका, हा कशाला आणतोय मला? दुसरा कोणीतरी द्या."

काकांनी मशीनही थांबवलं नाही. "दोस्त विसरेल रे. याच्या घरात तुझी मेव्हणी बसलीय. तुला टाकून आला तर दारात उभं करेल का ती?"

पटलं.

४. माझं काही झालं तर साडूभाऊने मला घरी आणावं. पेटी मुलीसमोर उघडू नये. ओळख पटवायला भुवईवरचा व्रण पाहावा. शिडी त्याच्याच हातून निसटली होती.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये. त्या हिशेबाने साडूभाऊइतका लायक साक्षीदार शोधून सापडणार नाही.

ठिकाण: मंडळाची खोली, कॅरमचं टेबल
दिनांक: निघण्याच्या आदली दुपार
सही: रंगारी

साक्षीदार १: शिंपीकाका, अध्यक्ष

साक्षीदार २: साडू. वाचलं. आणतो. ड्रिल खरंच जुनं होतं. उठू नकोस, माझंही लिहून दे. मला तू आणायचंस, असं टाक त्यात.