नांगराच्या कडीची तार

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, गुडघे सोडून सर्वार्थाने धडधाकट, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणेल असा माणूस अजून जन्मायचा आहे, असे माझे पती म्हणतात.

१. राहते घर यांना, यांच्यानंतर लेकीला. माळा मात्र लेकीनेच आवरावा. यांच्या हाती दिला तर एक गंजका खिळाही बाहेर जाणार नाही.

२. बँकेतील ठेव व शिवणयंत्र नातीला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला छडीच्या धाकाने शिकवलेले काज लेकीने तिला लाडाने शिकवावे.

३. माझ्या नावावरची शिडाची बोट लेकीला. प्रवासात नांगर पुढच्या टोकावरील चाकीवर पुरता ओढून दोरीने आवळावा. लाटांवर तो उड्या मारू लागला की बोटीचे वाटोळे होते. साखळीचे आतले टोक बोटीला दोरीनेच बांधावे, म्हणजे प्रसंगी सुरीने कापता येते. साखळीला नांगर जोडणाऱ्या कडीची पिन तारेने पक्की करावी, नाहीतर ती हळूहळू सुटते.

४. यावरून एक कबुली. एकोणीस वर्षांपूर्वी भर दुपारी, नांगर टाकून आम्ही बोटीवर जेवत असताना, बोट वाहत जाऊन शेजारच्या बोटीला टेकली. साखळी ओढली, तर नांगर गायब. तो जोडला होता भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. "तुला साधी तार बांधता येत नाही?" हे म्हणाले. तेव्हापासून भाऊजींना पुढच्या टोकाला बंदी. ते चहा करतात.

तार त्यांनी बांधली होती. ती सोडून मी केबिनचा पडदा टांगला. दुसरी बांधू म्हटले, ते राहिले. मग बोलायचेही राहिले.

हे कलम वाचून वकीलबाईंनी विचारले, तोवर भाऊजीच नसले तर? म्हणून आज बोटीवर मी ते सर्वांना वाचून दाखवले. भाऊजी कप विसळत होते. म्हणाले, "वहिनी, तो पडदा मी त्याच दिवशी पाहिला होता. दादा मला चार शब्द बोलून मोकळा झाला. तुम्हाला बोलला असता, तर तुम्ही दोघं आठवडाभर जेवला नसता."

५. सबब, नांगर, साखळी व बोटीचे पुढचे टोक यांवरचा सर्व अधिकार भाऊजींचा. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून. चहा हे करतील. यांना ते मान्य आहे. साखर किती, एवढेच त्यांनी विचारले.

स्थळ: धक्क्याला बांधलेली बोट
दिनांक: ७ ऑक्टोबर २०१८, रविवार
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार: १. शिडे शिवणारे शेजारी २. आमचे दातांचे डॉक्टर
दोघांनी यांचा पहिला चहा पिऊनही पूर्ण शुद्धीत सह्या केल्या.